पाठ

कुताइसीत, रिओनीच्या पुलाला लागून माझी भट्टी.
मातीचा मोठा रांजण, तळाशी वेलींच्या काटक्यांचा जाळ.
पाव आतल्या भिंतीला थापायचा असतो,
म्हणून माणूस कमरेपर्यंत आत वाकतो,
डोकं खाली, पाय जमिनीवरून सुटलेले,
श्वास बाहेर ठेवून.

नवरा गेल्यावर मीही वाकून पाहिलं.
गुडघे नाही म्हणाले.

मग खातुना आली, प्रोबेशनवाली, ओल्या बुटांची.
म्हणाली, एक माणूस आहे. बारा वर्षं काढून आलाय.
काय केलं होतं, तेही सांगितलं, आवाज न बदलता:
चाकू, दारू, लग्नघराच्या मागचं अंगण,
मेलेला मुलगा चोवीस वर्षांचा.
मी विचारलं, पीठ मळता येतं का त्याला?

गल्ली म्हणाली, जित्याची खोड.
गल्ली म्हणाली, लामारा, गल्ल्याला कुलूप लाव.
कुलूप होतंच. मी दुसरं घेतलं.

जुंबेर बोलत नाही फारसा.
पाणी प्यायच्या आधी विचारतो.
दार उघडं असलं तरी उंबऱ्याशी थांबतो,
कुणीतरी ये म्हणेपर्यंत.
याला सुधारणं म्हणायचं की मोडणं,
मला अजून कळलेलं नाही.
एकदा पिठाचं पोतं फाटलं तेव्हा
त्याने अशी शिवी हासडली
की भिंतीवरची चिमणी उडाली,
आणि माझा हात आपोआप उलथन्याकडे गेला.
त्याने ते पाहिलं.
खाली बसून सगळं पीठ ओंजळीने भरलं,
वरचं वेगळं, मातीला लागलेलं वेगळं.

मी त्याच्याकडे पाठ करत नाही.
चार महिने. पोती मोजताना, चहा ओतताना,
भिंत माझ्या मागे असते.

आणि तो?
तो रोज पहाटे पाचला त्या जाळात उलटा वाकतो.
मान उघडी, टाचा हवेत,
मागे फक्त मी, हातात लोखंडी आकडा.
मार्चच्या एका सकाळी हे मला दिसलं.
शंभर पाव, शंभर वेळा
तो माझ्याकडे पाठ करतो.

त्याच आठवड्यात त्सिउरी आली.
मुलाची आई. पाव ती नेहमी बाजारातून घेते,
पण बाजार बर्फात बुडालेला होता.
जुंबेर आत वाकलेला. तिला फक्त त्याचे बूट दिसत होते.
माझी जीभ टाळूला चिकटली.
तो वर आला, लाल, डोळ्यांत धूर,
आणि जागच्या जागी उभा राहिला.
“दोन,” ती म्हणाली. “नीट भाजलेले.”
त्याने निवडायला फार वेळ घेतला.
पैसे तिने फळीवर ठेवले, त्याच्या हातात नाही.
क्षमा वगैरे काही झालं नाही.
दाराची घंटा वाजली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी एक पाव
पुलाच्या कठड्यावर होता, कबुतरं तुटून पडलेली.
एकच.
दुसऱ्याचं काय झालं,
ते मी त्याला विचारलं नाही, तिलाही नाही.

आज खातुनाचा कागद आलाय.
पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता:
कमी, मध्यम, जास्त. एकावर खूण करा.
मी पेन्सिल घेऊन बसलेय.
तुमच्या कागदावर माझ्यासाठी रकाना नाही, खातुना,
लामाराचा हात उलथन्याकडे जाण्याची शक्यता
कमी, मध्यम, जास्त.

बाहेर उजाडतंय. आकडा खुंटीला टांगून
मी वळले, शटर वर केलं,
रस्त्याकडे बघत उभी राहिले.
मागे पीठ थापल्याचा आवाज,
एक, दोन, तीन.
मान ताठ होती माझी, खोटं कशाला सांगू.
गल्ल्याची किल्ली मुठीत होती.
पण सातव्या पावापर्यंत
मी वळून पाहिलं नाही.